दांडीपासून जमिनीपर्यंत

१

ताईच्या पडद्यांच्या दुकानात एक नियम होता आणि तो कुणासाठीही मोडत नसे. कापडाला कात्री लावायच्या आधी खिडकीचं माप पुन्हा एकदा घ्यायचं. गिऱ्हाईक वैतागायचं, "अहो, परवाच तर दिलं," म्हणायचं. ताई तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवायची. माप पुन्हा आल्याशिवाय कात्री जागची हलत नसे. कापलेलं कापड कितीही रडलं-भेकलं तरी पुन्हा लांब होत नाही, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

तिच्या धाकट्या बहिणीलाही नाही. धाकटी याच दुकानात वाढली होती. आई गेली तेव्हा ताई स्वतः शाळेत जाणारी पोर होती आणि धाकटी होती पाळण्यात. ताईनं तिला कडेवर घेऊन दुकान झाडलं, कडेवर घेऊन हिशेब केले, रस्त्यावरची गंमत दिसावी म्हणून खिडकीत उचलून धरलं. तिच्या डाव्या कमरेचं हाड तेव्हापासून जरा बाहेर आलंय, असं ती सांगायची. खरं-खोटं तिलाच ठाऊक.

एवढं उचलून धरूनही धाकटी अंगानं लहानखुरीच राहिली. वरच्या फळीवरचा तागा काढायचा तर स्टूल, खिडकीची वरची कडी लावायची तर स्टूल. पण डोकं तल्लख आणि जीभ त्याहून. अशी ही मुलगी गेल्या वर्षी एका वाळूच्या बेटावरच्या विश्रामगृहात व्यवस्थापक म्हणून गेली. चहूकडे समुद्र, राहायला स्वतःची खोली, सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परतणारी एक बोट. गेली ती गेलीच. फोन नेमानं यायचा, पण घरी यायचं नाव नाही. "तूच ये ना ताई," हे पालुपद.

आणि आता तिनं पडदे मागितले. विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात समुद्राकडे उघडणारी मोठी खिडकी होती, थेट जमिनीपर्यंत. ऊन फार येतं म्हणाली. दांडीपासून जमिनीपर्यंत माप दिलं, रुंदी दिली, रंगही सांगितला.

"मीच घेऊन येते," ताई म्हणाली.

धाकटी फोनवर लहान मुलीसारखी ओरडली. ताईच्या मनात मात्र वेगळंच होतं. पडदे हे निमित्त. जायचं, पडदे टांगायचे आणि संध्याकाळच्या बोटीनं पोरीला हाताला धरून घरी आणायचं. वर्षभर माणूस घरी येत नाही म्हणजे काहीतरी बिनसलेलं असतं, आणि ते फोनवर कळत नाही.

२

कापड पसंत करून आणलं, धुऊन आटवून घेतलं आणि नियमाप्रमाणे ताईनं माप पुन्हा मागितलं.

"विश्वास नाही का माझ्यावर?" धाकटी म्हणाली.

"माझा माझ्यावरसुद्धा नाही. घे टेप."

टेप सोडल्याचा ओळखीचा आवाज आला. आधी रुंदी. ती पहिल्यासारखीच, एका धाग्याचाही फरक नाही. मग उंची. ताईनं ती लिहून घेतली आणि खडू खाली ठेवला. मागच्या मापापेक्षा चांगली चार बोटं कमी होती.

"पुन्हा बघ."

"बघितलं. तेवढंच आहे."

"मागच्या वेळी जास्त सांगितलं होतंस."

"मग मागच्या वेळी चुकलं असेल," धाकटी सहज म्हणाली. ताईला नवल वाटलं ते याचं. चूक झाली तर ही मुलगी आधी टेपला दोष देणार, मग भिंतीला, मग जमलंच तर ताईला. चुकलं असेल, हे वाक्य तिच्या तोंडून ताईनं पहिल्यांदाच ऐकलं.

ताईचा नवरा शाळेची बस चालवायचा. दुपारच्या दोन फेऱ्यांच्या मधे तो दुकानात येऊन कापडाच्या ढिगाऱ्यावर आडवा व्हायचा आणि न विचारता सल्ले द्यायचा. त्याला हे सांगितलं तर तो डोळे न उघडता म्हणाला, "टेपचं टोक झिजलं असेल. तुझ्या त्या जुन्या टेपचं पत्र्याचं टोक निघून गेलं होतं, तेव्हा आख्ख्या गल्लीचे पडदे गुडघ्यापर्यंत आले असते."

"टोक झिजलं तर रुंदीही बदलेल ना?"

"ते मी कसं सांगू? मी ड्रायव्हर आहे."

तरी ताईनं नवा कोरा टेप बोटीच्या टपालातून बेटावर धाडला. मनाचं समाधान. मग तागा पुन्हा गुंडाळून फळीवर ठेवला आणि जायच्या तयारीला लागली. किती दिवसांनी कुठे बाहेर पडणार होती! बॅग काढून उन्हात ठेवली, चपला दुरुस्त करून आणल्या, बोट लागली तर काय म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. जाताना स्वतःसाठी एक आणि परतीला दोघींसाठी दोन.

३

बोटीच्या कचेरीत फोन उचलणारा कारकून गप्पिष्ट होता. बोट भरतीच्या वेळेवर सुटते, सामान जास्त असेल तर आधी सांगा, वारा असला तर डोक्याला काहीतरी बांधा, सगळं त्यानं आपणहून सांगितलं.

"खिडकीजवळ बसायचं असेल तर लवकर या बरं का. जाताना गर्दी असते."

"आणि परतीची तिकिटं? मला दोन हवीत. येताना बहीण असेल सोबत."

"परतीचं बोटीतच मिळतं."

"पण जागा नाही मिळाली तर?"

कारकून मनापासून हसला. "बाई, परतीच्या जागेची कसली काळजी करता? झोपून या हवं तर. ऐसपैस."

ताईही हसली. फोन ठेवल्यावर तिनं इस्त्री तापत ठेवली, अस्तर पसरलं आणि हात मधेच थांबला. जाताना गर्दी आणि येताना ऐसपैस? तिनं पुन्हा फोन लावला. आपण उगाच खुसपट काढतोय असं तिला वाटत होतं, पण चौकसपणा हा तिचा जुना आजार होता.

"मघाशी विचारायचं राहिलं," ती म्हणाली. "रोज एवढी माणसं जातात, मग ती येतात कधी?"

"राहतात बहुतेक," कारकून म्हणाला. "हवा चांगली आहे ना तिथली."

"तुम्ही गेलाय कधी?"

त्याच्या मागे कुणीतरी शिक्के मारत असल्याचा आवाज येत होता. "मी बोट लावून देतो," तो म्हणाला. "उतरत नाही मी."

४

कात्री लावायच्या दिवशी ताईनं शेवटचं माप मागवलं. नवा टेप पोचला होता.

रुंदी तीच. उंची आणखी वीतभर कमी.

आता ताईला राग आला. "तू कुठली खिडकी मोजतेयस? दांडी खाली घेतली का कुणी?"

"दांडी आहे तिथेच आहे. नव्या टेपनं मोजलं, दोनदा मोजलं," धाकटी म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. एखादी गोड बातमी किती दिवस पोटात ठेवायची, असा. "ताई, हसू नकोस. मी उंच झालेय."

"काय झालीस?"

"उंच. खरंच! इथली हवा मानवली मला. खिडकीची वरची कडी मी आता स्टुलाशिवाय लावते. फळीवरचं सगळं हाताला येतं. परवा तर पंखा काढून ठेवावा लागला, हात लागेल म्हणून. दारातून जाताना मान वाकवते मी, ताई! मी!"

ताई हसली नाही. तिशी उलटलेली बाई उंच होत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण पोरगी इतकी खूष होती की तोंडावर तसं म्हणवेना. फोन तसाच धरून ताई दुकानातल्या नमुन्याच्या पडद्यापाशी गेली. दांडीकडे बघितलं. हात वर केला, दांडी हातभर लांब. मग तिनं अस्तराचा एक गठ्ठा जमिनीवर ठेवला आणि त्यावर चढून हात वर केला. दांडी जवळ आली. आणखी एक गठ्ठा ठेवला. दांडीला बोटं टेकली.

ती गठ्ठ्यांवर तशीच उभी राहिली. माणूस उंच झालं तर दांडी हाताला येईल, कबूल. पण माणूस उंच झाल्यानं खिडकी थोडीच आखूड होते? टेप तर दांडीपासून जमिनीपर्यंत धरतात. मधे माणूस येतच नाही.

"अगं," ती सावकाश म्हणाली, "जरा पाय आपट बघू."

"काय?"

"तू उभी आहेस तिथे पाय आपट. जोरात. मला ऐकू दे."

धाकटी हसली आणि तिनं पाय आपटला. ताईनं कान टवकारले होते. गेल्या वर्षी हीच मुलगी त्या दिवाणखान्याच्या फरशीचं कौतुक सांगताना थांबत नव्हती, चालताना कशी टॉक टॉक वाजते म्हणून. आता टॉक नव्हतं, धप्पही नव्हतं. पिठाच्या डब्यात मूठ घालावी तसा एक मऊ, बुजरा आवाज आला. आणि त्याच्या मागोमाग, धाकटीचा पाय थांबल्यावर, तोच आवाज पुन्हा एकदा आला. जरा खालून.

"कुणी आहे का तिथे?"

"नाही गं. सगळे बाहेर उन्हात बसलेत."

"फरशी आहे ना तिथे? ती निळी?"

धाकटीनं बहुधा खाली बघितलं असावं.

"असेल की," ती म्हणाली. "खाली असेल."

५

"वाळू आत आली असेल," नवरा म्हणाला. "वाळूचं बेट आहे, वाळू येणारच. झाडत नाही तुझी बहीण, एवढाच त्याचा अर्थ. इथे तरी कुठे झाडायची?"

"इतकी वाळू आली तर खुर्च्या-टेबलं दिसेनाशी होतील. तिला कळणार नाही?"

"विचार की."

ताईनं विचारलं होतं. धाकटीनं सांगितलं होतं की हल्ली तिला खुर्ची लागतच नाही. टेकावंसं वाटलं की टेकायला मिळतं. नेमकं हवं त्या उंचीवर. हे तिनं अगदी सहज सांगितलं होतं. ताईनं "उद्या मी येतेय, धक्क्यावर थांब," एवढंच म्हटलं होतं.

नवऱ्यानं डोळे उघडले आणि उठून बसला. ताईचा चेहरा बघून त्याची थट्टा जिरली. "मी येऊ का? उद्या दुसऱ्या कुणाला तरी बस चालवायला सांगतो."

"पोरांना शाळेत कोण नेणार? मी जाते आणि घेऊन येते. मी बेटावर पायसुद्धा ठेवणार नाही, बघा. तिला बोटीपाशी बोलावलंय. मनगट धरायचं आणि आत ओढायचं. लहानपणी रस्ता ओलांडताना कसं धरायचे मी, तसं."

"आली नाही तर?"

"माझ्या हातातून ती कधी सुटलीय?"

"संध्याकाळी मी धक्क्यावर बस घेऊन उभा राहतो," तो म्हणाला. "दोघींना घरी सोडतो. मेहुणीबाई उंच झाल्या असतील तर मागच्या सीटवर आडवं झोपवू." त्याचं त्यालाच हसू आलं नाही.

कापड मात्र ताईनं कापलं नाही. पहिल्या मापाच्या हिशेबानं आणलं होतं तेवढं, पुरं लांब, तसंच घडी घालून बॅगेत ठेवलं. कुठल्या मापानं कापायचं हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कापावंसंही वाटत नव्हतं. कापड आखूड केलं की खिडकी आखूड झाली हे आपण मान्य केलं, असं तिला उगीचच वाटलं. आणि या सगळ्या काळजीच्या तळाशी एक गोष्ट होती, ती तिनं नवऱ्यालाही सांगितली नाही. तिला बघायचं होतं. नवी खिडकी उघडली की आधी बाहेर डोकावल्याशिवाय तिला मोजमाप सुरू करताच येत नसे, तसंच काहीसं.

६

बोट खच्चून भरली होती. माणसं हसतमुख, बॅगा घट्ट धरलेल्या, सगळी पुढे बघणारी. ताईला खिडकी मिळाली नाही. बेट जवळ आलं तसं ती गर्दीतून वाट काढत दाराशी येऊन उभी राहिली.

बेट पांढरंशुभ्र होतं आणि सपाट होतं. सुरुवातीला तिला घरंच दिसेनात. मग दिसली. कुणीतरी छपरं काढून खाली अलगद मांडून ठेवावीत तशी ती रांगेत बसली होती. छपरांच्या कडेला माणसं ऊन खात होती. एका दाराची वरची चौकट तिथे उभ्या असलेल्या बाईच्या कमरेशी येत होती आणि ती बाई त्या चौकटीवर हात टेकून कुणाशी तरी गप्पा मारत होती. कुणाला घाई नव्हती, कुणी घाबरलेलं नव्हतं. चेहरे इतके निवांत होते की ताईची भीती क्षणभर गोंधळली.

बोट लागली. उतारू एकेक करून उतरायच्या फळीवरून गेले. ताई दारातच थांबली. वाळू अगदी फळीच्या टोकापर्यंत, बोटीच्या काठाइतकी वर आली होती. आणि तिथे धाकटी उभी होती.

"ताई!"

ताईला मान वर करावी लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं आपल्या बहिणीकडे वर मान करून बघितलं. चेहरा तोच. गालावरचा तीळ तोच. हात-पाय काही लांब झाले नव्हते. मुलगी होती तेवढीच होती, फक्त वर होती. पडदे शिवणाऱ्या बाईची नजर शेवटी खालच्या काठाकडे जाते, तशी ताईची गेली. धाकटीच्या झग्याचा काठ वाळूला टेकला होता. बाकीची वाळू सपाट होती, पण झग्याखाली ती वर उचललेली होती. धाकटी आनंदानं एक पाऊल पुढे आली तेव्हा तो उंचवटाही तिच्याबरोबर पुढे आला. एक क्षणही मागे राहिला नाही.

"बघितलंस?" धाकटी म्हणाली. "म्हटलं नव्हतं मी?"

ताईनं तिचं मनगट पकडलं. ऊबदार होतं, नेहमीसारखं. ठरल्याप्रमाणे ओढलं. धाकटी जागची हलली नाही. तिनं विरोध केला असं नव्हे, ती हसतच होती. खालून कुणीतरी तिला घट्ट धरून ठेवावं, तसं वाटलं.

"चल घरी," ताई म्हणाली. "बोलू नकोस काही. चल."

"ताई, हात दुखेल तुझा."

ताईनं दात आवळले. नुसत्या हातानं जमणार नव्हतं, पायाला जोर हवा होता. एक पाय बोटीतच घट्ट रोवून ठेवायचा आणि दुसरा फळीच्या पलीकडे टेकवून ओढायचं. एकच पाय, एका झटक्यापुरता. तिनं पाय खाली सोडला.

तो टेकायच्या आधीच टेकला. खाली वाळू होती तिथून ती वर आली होती, तळव्याला भेटायला, न सांगता. आणि मग, कुणाच्या लक्षातही येणार नाही इतक्या हळुवारपणे, तिनं तो पाय बोटभर उचलला.

ताई थबकली. झोपलेल्या पोराला न जागवता उचलतात ना, तसं. मानेखाली एक हात, गुडघ्यांखाली एक. हे तिला ओळखीचं होतं, तिनं धाकटीला असं हजारदा उचललं होतं. पण उचलल्यावर कसं वाटतं, हे ती पार विसरून गेली होती. आई गेल्यापासून तिला कुणी उचललंच नव्हतं. बाहेर आलेलं कमरेचं ते हाड, सुजलेले पाय, दिवसभर उभं राहून दगड झालेल्या पोटऱ्या, सगळं त्या बोटभर उंचीनं एका बाजूला हलकं झालं. बोटीतला पाय तेवढा जड राहिला.

"कळलं?" धाकटी हळूच म्हणाली.

मागे बोटीचा भोंगा झाला. आत एकही माणूस नव्हतं. खलाशी दोर हातात धरून ताईकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर नवल अजिबात नव्हतं.

"बाई, बोट आता बाहेर खोल पाण्यात थांबणार, मग थेट संध्याकाळी परत. येताय की उतरताय?"

ताईनं धाकटीचं मनगट सोडलं नव्हतं. संध्याकाळी धक्क्यावर कोण उभं राहणार आहे हेही ती विसरली नव्हती. आम्ही दोघी येतोय, असं तिला म्हणायचं होतं. शब्द ओठांवर होते. फक्त दोन्ही पायांना एकदम कसं वाटतं, एवढं तिला बघायचं होतं. एवढंच, आणि मग लगेच.

"एक मिनिट हं," ती खलाशाला म्हणाली आणि दुसरा पाय उचलून पहिल्याच्या शेजारी ठेवला.